फुली

कळी खुडायची सकाळी नऊच्या आत,
उमलण्याआधी. नंतर उशीर होतो.
कुस्कोच्या वरच्या अंगाला, प्रयोगशाळेत,
मी सुईनं परागकोश फोडते,
लाल रंगाचा थेंब, त्यावर काच,
काचेवर अंगठा,
ऊ मारावी तसा नेटानं, पण जपून.

वेन्सेस्लाओ म्हणतो, हात हलका आहे तुझा,
लहानपणी बटाटे सोलायला बसवलं असणार.
बसवलं होतं.
आमच्याकडे एका बटाट्याचं नावच ‘सुनेला रडवणारा’.
इतक्या खाचा, इतके डोळे
की सोलता सोलता नव्या सुनेची परीक्षा होते.
आईची झाली. ती म्हणते, मी रडले नाही.
मावशी म्हणते, रडली.

भिंगाखाली अठ्ठेचाळीस.
बाराचे चार संच,
एका चुलीवर चार भाऊ जेवावेत तसे;
एकाचं बिघडलं तर तिघं ओढून नेतात,
आणि त्या आडोशाला बिघडलेला
हळूहळू भलतंच काही शिकतो.
आधी सगळे सैरभैर. मग आपापलं माणूस हुडकतात,
अंगावर हात टाकतात.
तिथे फुली पडते.

पुस्तकात हे नीटनेटकं असतं.
खरं तर आधी तुटतं.
पेशी आपले धागे आपणच कापते,
शेकडो ठिकाणी.
बहुतेक चिरा गुपचूप सांधल्या जातात,
आवाज नाही, खूण नाही.
एखाद-दुसरीच चीर शेजारच्या धाग्याला जाऊन मिळते
आणि आजीचा तुकडा
आजोबाच्या रांगेत बसतो.

कमरेपाशी मात्र फुली सहसा पडत नाही.
तिथे जुनी अडगळ साचलेली,
स्वतःच्याच नकला काढत उड्या मारणारे
आणि आता थकलेले तुकडे.
वाटणीत कुणीच मागत नाही
अशी दगडांची जमीन असते ना,
तशी.

आईला सांगून पाहिलं.
चार हजार मीटरवर, पायनांगरावर रेलून
तिनं ऐकलं. म्हणाली, म्हणजे आयनी.
आज मी तुझ्या शेतात, उद्या तू माझ्या.
सावडच ती.
मी म्हटलं, नाही गं, इथे घेतलेलं कुणी परत करत नाही.
मग कसली आयनी, म्हणाली,
आणि ढेकूळ उलथलं.

ती बी लावत नाही, कंद लावते.
कंद म्हणजे तोच. त्याच्यासारखा नव्हे, तोच.
तिच्या सासूच्या सासूनं हातात धरलेला
अजून जिवंत आहे, नवी माती खातो.
झाडावरच्या हिरव्या फळांनी
आम्ही पोरं नुसती एकमेकांना मारायचो.

त्यातल्याच कुठल्याशा फळाचं बी
बांधाच्या कडेला रुजलं, कुणी न लावता.
पान बारीक, फूल फिकट जांभळं.
फेब्रुवारीत अवेळी हिव पडलं,
सकाळी शेत काळं,
ते एक झाड उभं.

हिलारिओ म्हणाला, आता आपण श्रीमंत.
उकडला. कडूजहर.
हिलारिओ बाहेर जाऊन थुंकला.
आई चावत राहिली बराच वेळ.
चुन्योला चालेल, म्हणाली.
रात्री गोठवायचा, दिवसा पायांनी तुडवायचा,
पाण्यात ठेवायचा, वाळवायचा.
कडूपणाचं काय, निघतो.

गावाच्या वहीत दरसाल नोंद होते,
कुणी कुठलं वाण राखलं.
सचिवानं विचारलं, याचं नाव?
आईला लिहिता येत नाही.
तिनं त्याच्या हातातलं पेन घेतलं
आणि सहीच्या जागी नाही,
नावाच्या रकान्यात
फुली मारली.

एक पाय आखूड, एक लांब,
मध्ये शाई जराशी फुटलेली.
वेन्सेस्लाओला दाखवायला हवी होती.