डावा डोळा झाकून

दुधाच्या हिशेबाच्या कॅलेंडरवर
दीड लिटरच्या खाली मी लिहिते
"डो. ४ तास", आणि त्याखाली "पं. २ वेळा".
दूधवाला विचारतो, भाभीजी, ये कौनसा हिसाब है?
हा वेगळा, भैया. याला महिनाअखेर नाही.

ओजसचा उजवा डोळा आळशी आहे.
डॉक्टरांनी सांगितलं ते असं :
चांगल्याला झाका, म्हणजे दुसऱ्याला काम करावंच लागेल.
जयारोग्यच्या आवारातून रिक्षात बसेपर्यंत
मी घरातल्या माणसांची यादी करत होते,
कोणाकोणावर हा इलाज चालेल.

आणि आठवडा मुंजीचा.
जाऊबाईंचा शौनक, शनिवारी, माघातला मुहूर्त.
चिटणीस की गोठमध्ये तीन खोल्यांत तेवीस पाहुणे,
गिझरसाठी रांग, बडोद्याच्या आत्या,
प्रत्येकाच्या जिभेवर एकेक औषध :
अडुळसा. तव्यावरचा ओवा. "पंपाची सवय लागते हो."
पट्टी बघून सगळे विचारतात, पडला का गं?
ओजस सांगतो, नाही, मुद्दाम झाकलाय.
पाचव्यांदा सांगतो, चाच्यांनी नेला.

प्रफुल्ल बीनाला, ड्यूटीवर.
रात्री साडेअकराला फोन, आवाज इतका हळू
की जणू मीच आजारी.
पंप दिला तिला?
दिला. दोन्ही वेळा. चूळही भरायला लावली.
तो विचारतो हे बरं, की न विचारता बरं,
मला अजून ठरवता आलेलं नाही.

बुधवारी पट्ट्या संपल्या.
नया बाजारात तीन दुकानं, तिन्हीकडे मोठ्यांच्या मापाच्या.
चौथा म्हणाला, कल आ जाएगी, दीदी.
इथलं "कल" मला माहेरपासून ठाऊक आहे.
मोठीच घेतली, घरी येऊन कापली
बटूच्या उपरण्याला जर लावता लावता, त्याच कात्रीने.

रेवतीचा खोकला मी झोपेतही मोजते.
दोन खोकल्यांमधलं अंतर आखडलं की जाग येते,
पंखा बंद पडल्यावर येते तशी.

शनिवारी सकाळी ग्रहमख.
ती मागच्या अंगणात बसेल, असं ठरलं होतं.
पण नऊ वर्षांच्या मुलीला
दादाचं डोकं भादरताना बघायचंच असतं.
समिधा ओल्या निघाल्या.
धुरापलीकडे मला तिचे खांदे दिसले,
कानांकडे चढत चाललेले.

मंगल कार्यालयात सॉकेट रिकामे नसतात.
हॅलोजन, माइक, कॉफीचं मशीन.
मी भटारखान्यात शिरले, नेब्युलायझर काखेत, मुलगी पुढे,
आणि आचाऱ्याने, ज्याचं नाव मी नंतरही विचारलं नाही,
काही न बोलता मिक्सरची वायर उपटली.
दोनशे पानांची चटणी
दहा मिनिटं थांबली.
आम्ही बटाट्याच्या पोत्यावर. मास्कमधून वाफ.
बाहेर मंगलाष्टकं, दर कडव्याला "सावधान".
आहे बाबा, म्हटलं. आहे.

मग ओजस आला,
मुठीत फेकायच्या राहिलेल्या अक्षता,
आणि त्या आळशी डोळ्याने बहिणीकडे बघत राहिला,
मान जराशी वाकडी करून, बराच वेळ.
"ताईच्या गळ्याखालचा खड्डा आता कमी पडतोय," म्हणाला.

मला तो बघायला तीन वर्षं लागली होती.

रेवतीने मास्कच्या आतून काहीतरी सांगितलं, कळलं नाही.
हो गया, भाभीजी? आचारी.
मी वायर त्याच्या हातात दिली. मिक्सर सुरू झाला.

रात्री कॅलेंडरपाशी पेन्सिल घेऊन उभी.
पं. २ वेळा. नेब्यु. १.
डो. लिहिलं, आणि थांबले.
पट्टी सकाळी आठला लावलेली.
वळून पाहिलं तर तो गादीवर आडवा झोपलेला,
डावा डोळा अजून झाकलेला.
अकरा तास, लिहिलं. सोमवारी डॉक्टरांना विचारणे.
वर दूध : साडेसहा लिटर.