भांगाचं पाणी

महिन्यातून एकदा तिकडचं पत्रक येतं.
या वेळी तारीख सात दिवस पुढे.
मागच्या खेपेला दीड वर्ष मागे गेली होती.
बाबा जाळ्यावरून मान न उचलता म्हणतात,
भांगाचा पाणी ता,
चढल्यासारखा दिसता, चढना नाय.

इंग्रजीची परीक्षा दोनदा दिली,
पहिलीचा निकाल वाट बघत शिळा झाला.
पासपोर्ट नवा केला. फोटोत केस कमी.
नेब्रास्कात समुद्र नाही म्हणे.

इथे वेंगुर्ल्यात, सकाळी नऊला
इनासबाब येतात, उजवा हात डाव्यात धरून,
बाजारातून आणलेल्या सुरमईसारखा.
मी अर्ज भरला त्याच आठवड्यात
त्यांच्या अंगावरून वारं गेलं होतं.
बोट उचला.
उचला, बाब.

काल त्यांनी जाळ्याची एक गाठ मारली.
सैल. बांगडा सहज सुटेल अशी.
मी कागदावर तारीख घातली, सही केली,
आणि उगाच दोनदा वाचली.

"तू गेलंस तर उरलेला जाळा कोण?"
सातच दिवस सरकलेत, म्हटलं,
आणि दुसरी दोरी पुढे केली.