अर्धा थाउ

ड्रॉइंगवर विमानाचं नाव नव्हतं.
निळ्या कागदावर नुसता एक व्हॉल्व्ह,
मधोमध चिरून दाखवलेला,
आणि कोपऱ्यात इंचांचे आकडे.
वागळे इस्टेटमधल्या आमच्या शेडला
तेव्हा दारही बसलं नव्हतं;
रात्री गोणपाट लावायचो,
सकाळी लेथवरचं दव पुसून पट्टा चढवायचो.

कशाचा आहे, मी विचारलं.
हिरू नाखवा, फोरमन, चेंदणी कोळीवाड्याचा,
कानामागे विडी,
म्हणाला, जेटाचा हाय.
उरता उरता दुसऱ्या जेटाला त्याल पाजतंय.
उतरायचं नाय. थांबायचं बी नाय.

मी हसलो.
आमच्या चाळीत रॉकेल
थांबूनसुद्धा मिळत नव्हतं.

"हसू नको. खारीत ओहोटीला
चालत्या होरीतून चालत्या होरीत
घासलेट दिलंय कवा?
होरी हालनारच रं पोरा,
तिच्यासंगं हात हालला पायजे.
आन् सोराची येल आली की सोराचा डबा,
नायतर तू बी पान्यात, तो बी."

घट्ट धरणारे सांधे मी पुष्कळ केले होते.
हा ठरल्या ओढीला
सुटणारा हवा होता.

अकरा महिने तोच जॉब.
पायांत चिपांची कुरळी जाळी,
घरी अंथरुणातही एखादी टोचायची.
परेरा बाई गेज लावायच्या, बोलायच्या नाहीत.
नापास तुकड्यावर लाल ठिपका,
कुंकवासारखा नाही, रक्तासारखा नाही,
ऑइलपेंटचा.

खोकी सील होऊन बंदरावर गेली.
वर कुणी कुणाला पाजलं,
पोट भरल्यावर ते कुठल्या गावावर गेलं,
चलनावर लिहिलेलं नसतं.
आम्ही बोनसची वाट पाहिली.
तो दिवाळीनंतर मिळाला.

एक नापास तुकडा मी खिशातून घरी आणला,
अर्धा थाउ जाड.
रॉकेलच्या डब्याला बसवला.
बायको म्हणाली,
बाई गं, थेंबसुद्धा सांडत नाही,
आणि चार घरच्या बायकांना बोलावून दाखवला.

शेडच्या जागी आता काचेची इमारत आहे.
डबा भंगारात दिला, ती गेली त्या वर्षी.
व्हॉल्व्ह खिडकीत असतो.
रात्री खाडीवरून विमानांचे दिवे
रांगेने उतरायला येतात,
तेव्हा हातात घेऊन ओढून बघतो.

सुटतो.
पण जरा उशिरा.
परेरा बाईंचं बरोबर होतं.