चार वाजताचं ऊन

ओल्यांवच्या त्या घरात खिडकीला पडदा नाही.
देओलिंदानं तो लावूच दिला नाही.
एकतीस वर्षं तिनं सार्डिनच्या कारखान्यात
ट्यूबलाइटखाली माशांची मुंडकी उडवली;
बाहेर दुपार आहे की संध्याकाळ
ते भोंग्यावरून कळायचं.
नंतर पै पै जोडून घेतलेलं हे घर
म्हणजे मुळात एक खिडकी,
बाकीच्या भिंती तिला धरून ठेवायला.

आणि झेफेरीनोला बघायची असते सायकलींची शर्यत.
भर उन्हाळ्यात. भर दुपारी.
शेवटचा चढ लागतो नेमका चारला,
आणि चारलाच ऊन टेबल ओलांडून,
फळांची परडी ओलांडून
टीव्हीवर येऊन बसतं,
घरातल्या एकुलत्या एका पडद्यावर.
काळ्या जर्सीचा स्वार बोगद्यात शिरतो
आणि पलीकडून बाहेर पडते
गच्चीतली कपड्यांची दोरी,
मग स्वतः झेफेरीनो, बनियनवर,
हातात संत्र्याची फोड.
"मीच पुढे आहे," तो म्हणतो,
"मागे कुणी दिसत नाही."

शेवटी दोघं बस धरून फारोला गेली.
दुकानात रात्र होती, सकाळी अकराला.
काळं छत, काळ्या भिंती,
ओळीनं साठ टीव्ही
आणि साठांतही तोच एक पोपट पंख पसरतोय.
विक्रेता पोरगा, छातीवर नाव एडमिल्सन,
सांगत गेला: हा सहाशे निट्स, हा हजार,
हा बघा, दोन हजार.
निट्स म्हणजे उजेडाचं माप.
(माप काही असो, नीट दिसल्याशी कारण.)
"आणि खिडकीचे किती?" देओलिंदानं विचारलं.
पोरगा हसला. मग थांबला.
खिडकीचे त्याला कुणी शिकवले नव्हते.

"दारात आण."
"वायर पुरायची नाही, मॅडम."
"मग लांब वायर आण."
ती भांडली नाही. नुसती उभी राहिली,
पट्ट्यावरचा मासा संपेपर्यंत उभं राहायची सवय असलेली बाई
जशी उभी राहील तशी.

एडमिल्सननं चाकाच्या टेबलावरून
एकेक करून तीन टीव्ही ढकलत आणले
उंबऱ्यावरच्या उन्हात.
सहाशेवाला जागीच विझला.
दोन हजारवाला झुंजला थोडा,
पण त्याच्या गुळगुळीत काचेत
पोपटाच्या पोटातून बस गेली,
बसमागून छत्रीवाली म्हातारी.
राहिला हजारवाला. काच खरखरीत,
जुन्या ताटासारखी, चमक गेलेली.
"याला कुणी विचारत नाही," पोरगा म्हणाला,
"अंधारात तो उठून दिसत नाही."
त्यात पोपट होता. फिका, पण पोपटच.
बस नव्हती.
झेफेरीनोनं किंमत वाचली,
चष्मा काढून पुसला,
पुन्हा वाचली. तेवढीच होती.

आता चारला ऊन येतं, सवयीनं बसतं,
आणि नुसता धुरकट डाग होऊन राहतं.
डागातून स्वार चढत जातो,
कपाळावरचा घाम दिसतो, आवळलेले दात दिसतात.
झेफेरीनोची तक्रार वेगळीच.
जुन्या काचेत, तो म्हणतो,
तू कॉफी घेऊन मागून येताना दिसायचीस.
आधी दारात एवढीशी,
मग डोंगराच्या पायथ्याशी,
मग सायकलींच्या घोळक्यातून वाट काढत
मोठी होत होत.
मी न वळताच हात मागे करायचो
आणि कप हातात यायचा.
आता मान वळवावी लागते.

"मग वळव," देओलिंदा म्हणते.

शेवटचे दोन किलोमीटर उरलेत,
काळी जर्सी आघाडीवर आहे.
तो वळवतो.