चौघांची एक खुर्ची

उद्यमबागेत, पंपांच्या कारखान्याच्या हापिसात
एक खुर्ची होती आमच्या शाळेची.
सोमवार मल्लेशचा, मंगळवार जुलियानाचा,
बुधवार इनासचा, गुरुवार माझा.
पगार परस्पर फीच्या खात्यात,
आणि हजेरीपटावर चौघांची मिळून एकच ओळ.
फादर सिमांव म्हणायचे,
"चार पाव मिळून एक होतो."
बेकरीवाल्याचा इनास सगळ्यांत जास्त हसायचा.

गुरुवारी मी खण उघडायची
तेव्हा आत बुधवार असायचा,
निळ्या शाईतला, उजवीकडे कललेला:
हुबळीच्या पार्टीचं बिल थांबवलंय.
कन्नड पत्राला उत्तर तू लिही, माझं चुकतंय.
कार्बन दोनदाच वापरलाय, फेकू नको.
बटर ठेवलेत. मुंग्यांच्या आधी खा.

शेजारच्या शेडमध्ये लोखंड ओतत
तेव्हाचा उजेड जाळीतून टेबलावर यायचा.
एकदा इराप्पा मेस्त्री वाळूचे हात घेऊन दारात:
"काय करूलीस गे? जरा हे वाच की."
लेकीच्या स्थळाचं पत्र होतं, निपाणीकडचं, मराठीत.
मी वाचलं.
तो कन्नडात थोडा वेळ गप्प राहिला,
मग म्हणाला, परत वाच.

आमच्या वर्गात फळ्याच्या वर
फादरांनी रंगवून घेतलं होतं:
इथून प्रत्येकजण कॉलेजात जाईल.
'प्रत्येकजण'मधला 'ण' भिंतीवर मावला नव्हता,
खिडकीच्या चौकटीवर गेला होता.

नाताळच्या आधी मालक शाळेत आले.
चौघांची खुर्ची त्यांना एकाची हवी होती.
इनासचा हिशेब पक्का,
आणि बापाची भट्टी मे महिन्यापासून थंड.
फादर कोंकणीत बोलले, मोठ्यानं;
दार लावलेलं असूनही सगळं कळलं.
दुसऱ्या दिवशी इनासनं शाळेचा टाय घडी करून
जुलियानाच्या दप्तरात टाकला,
तिच्या धाकट्या भावाला होईल म्हणून.

जानेवारीत आम्हा तिघांना
मिशनच्या दवाखान्यात बिलांची खिडकी मिळाली.
तिथं खुर्चीच नव्हती.
बुधवारी फादर स्वतः उभे राहायचे,
झग्याच्या बाह्या दुमडून, चष्मा कपाळावर,
पावत्या फाडत.
सुटे पैसे मोजताना चुकायचे.
गुरुवारी त्यांच्या चुका मी दुरुस्त करायची
आणि त्यांना सांगायची नाही.

माझा शब्दकोश मात्र जुन्या खणात राहिला होता.
आणायला गेले. इनास जेवायला गेलेला.
हजेरीपटावर त्याचं नाव, ओळभर, एकट्याचं:
इनास कायतान सोझ.
शब्दकोशात चिठ्ठी होती, त्याच शाईतली:
गुरुवार,
त्रिकोणमिती कुठपर्यंत आली?

त्या रात्री मी सातवा धडा उतरवून काढला,
खाली दुसरा कागद घेऊन.
कार्बन तिसऱ्यांदा वापरला.
फिका आला,
पण वाचता येत होता.