पंधरा-चाळीस

मार्चमध्ये बाबांनी ट्रक विकला.
टायर, ताडपत्री, दोर, जॅक, सगळं त्यासोबत गेलं.
राहिला इंजिन ऑइलचा एक डबा, अर्ध्याहून जरा जास्त,
पंधरा-चाळीस, डिझेलचं.
वाडीच्या घरात तो दिवाणाखाली गेला
आणि दिवाणावर बाबा.

माझी व्हॅन पेट्रोलची, सोळा वर्षांची.
दत्तवाडीची अकरा पोरं, सकाळी साडेसहाला.
एका रविवारी मी डोक्यावरून आंघोळ करेपर्यंत
त्यांनी जुनं तेल काढून हे ओतलंसुद्धा.
"तेलाची काय जात पाहतं व?
इंजिन हाये, पिऊन घेते."

खरंच प्यायलं.
आवाज खाली आला. बाबा बॉनेटला कान लावून हसले.
एकतीस वर्षं रायपूर रोडवर काढून आल्यावर
या घरात पहिल्यांदा काहीतरी त्यांचं ऐकत होतं.

एप्रिलात, पारा चव्वेचाळीस,
रवीनगर चौकात तेलाचा लाल दिवा लागला.
पोरं उतरवली, रसवंतीच्या सावलीत उभी केली,
मग एकेका आईला फोन. अकरा वेळा तेच वाक्य.

नंदनवार मिस्त्रीनं चेंबर उघडून दाखवलं:
आतली जाळी गाळानं बुजलेली,
कढईचं बूड असतं तसला गाळ, सोळा वर्षांचा.
"तेल खराब नाही ताई. उलट बम कामाचं आहे.
पण याला काजळीची सवय.
डिझेलमध्ये रोज नवी काजळी भेटते, ते धरून ठेवते,
म्हणून तर चार दिवसांत काळं होते.
तुमच्या इंजिनात तेवढी काजळी कुठं?
मंग जुनंच खरवडत बसते.
जे जिथं चिकटलं होतं, तिथंच बरं होतं ना."

तेवीसशे रुपये.

घरी आले तर बाबांनी मोरीतल्या नळाचं वायसर काढलेलं.
परवा आईचा मिक्सर.
त्याआधी भिंतीवरचं घड्याळ, जे पाच मिनिटं पुढे
आम्ही मुद्दाम ठेवलं होतं.
त्याआधी धाकट्या काकांशी मिटलेला वाद,
आणि माझं मोडलेलं लग्न, जेवताना, दोनदा.

"फिल्टर गेलं होतं," मी सांगितलं.
त्यांनी माझ्या नखांकडे पाहिलं.
तेल काळं कुठपर्यंत गेलं की काय झालेलं असतं
हे त्यांना कोण शिकवणार.
पाणी दे म्हणाले.

डब्यात अजून लिटरभर आहे. आई फेकू देत नाही.
परवा त्यातलं त्यांनी फाटकाच्या बिजागऱ्यांना घातलं.
रात्री अडीच-तीनला ते उठतात,
अमरावती रोडच्या कडेला उभं राहून
लांबून येणारा ट्रक आवाजावरून ओळखतात.
आधी फाटक कुरकुरायचं, आई कूस बदलायची,
परत कुरकुरलं की झोपायची.
आता फाटक वाजत नाही.
आई जागीच असते.