शून्य वॅट

साठ वॅटचा होता तो, मशीनच्या सुईवर झुकलेला.
अकरा महिने टिकला,
आणि मंगळवारी, बाही अर्धी जोडून झाली असताना,
टिच् करून गेला.
कानाशी धरून हलवला. आत तार वाजत होती
काडेपेटीत उरलेल्या शेवटच्या काडीसारखी.

नुग्झारच्या दुकानात तसले आता मिळत नाहीत.
"वॅट विसर, त्सिआला," तो म्हणाला,
"वॅट म्हणजे दिवा खातो किती.
लुमेन विचार. म्हणजे देतो किती."
दोन नवरे करून झाले माझे,
हा फरक मला आधी कुणी समजावला नव्हता.

नऊ वॅटचा आणला, पांढरा,
खोक्यावर बर्फाचं शिखर छापलेला.
लावला, आणि माझ्या कपडे शिवायच्या खोलीचा
एका क्षणात दवाखाना झाला.
फीसो नेहमीसारखी दिव्याखाली येऊन
अंगाचं वेटोळं करून बसली.
थोड्या वेळाने तिने वर दिव्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे,
जणू तिच्या पगारातून ऊब मीच कापली होती.

दारामागची मीटरची चकती मात्र
चर्चचा चढ चढणाऱ्या म्हातारीसारखी
दम खात खात फिरू लागली.

टीव्हीवर म्हणतात, वीज वाचवा.
ऐकते मी. आम्ही हे शिकलो त्या हिवाळ्यांत,
जेव्हा रात्री कुताइसी कुठे आहे ते
रिओनीच्या आवाजावरून ओळखावं लागे,
जेव्हा रॉकेलच्या चिमणीशी नाक नेऊन
मी नवऱ्यामुलींचे झगे शिवले.
पहाटे दोनला गल्लीभर ओरडा व्हायचा, "आली! आली!"
आणि आम्ही सगळ्याजणी उठून
झोपेतच इस्त्री करायचो.
तेव्हा दिवा थोडं खाणारा असेल
तर मला त्यात काही कमीपणा नाही.
मला फक्त रंग खरे हवेत.

कारण त्या पांढऱ्या दिव्याखाली
मी एतेरीचा काळा झगा शिवला.
चाळिसाव्या दिवशी ती तो घालून कबरीवर गेली
आणि तिथं उन्हात तिला दिसलं,
खालची सगळी दुमड गडद निळ्या दोऱ्याची.
मी पातं काढलं, उसवायला बसले.
ती म्हणाली, "राहू दे गं. सगळंच काळं कशाला?"
आणि हसली. नीट नाही, पण हसली.

मला मात्र रात्रभर झोप नाही.
सकाळी एप्रनच्या खिशात दोन रिळं टाकली,
एक काळं, एक निळं,
आणि नुग्झारला एकेक दिवा लावायला लावला.
मागे खिळे घ्यायला आलेला एक गवंडी
आधी वैतागला, मग तोही वाकून बघू लागला.
"हे निळं!" "छे, हे!"
भांडण सहा दिवे चाललं.
सातव्याखाली निळं निळं झालं
आणि काळं गप्प बसलं.
तेवढ्याच वॅटचा, उजेड जरासा मधाळ, किंमत दुप्पट.
नुग्झारने भुवया उडवल्या.
मी म्हटलं, "उसवायचे पैसे तू देणार का?"

बर्फाचं शिखरवाला जिन्यात लावला.
जिन्यात कुणी काही शिवत नाही,
फक्त पायऱ्या मोजतात.

आणि तो जुना, साठवाला?
टाकला नाही. आई करायची तसाच
नातवाच्या मोज्यात घातला, टाचेपर्यंत सरकवला.
त्याच्या गुळगुळीत काचेवर भोक ताणून बसवलं
आणि त्यावर सुई आडवी-उभी चालवते आहे.
फीसो मांडीवर आहे. दिव्याखाली नाही.
मोज्याच्या आत तो काही खात नाही,
काही देत नाही, असं नुग्झार म्हणेल.
टाच भरत आली आहे.